गाज लांबून येते

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री अकराला लक्षद्वीपहून घरी पोचलो. फोनवर मी एवढं सांगत होते आणि आई, तू नुसतं "हो का, बरं झालं" म्हणालीस, म्हणून आज लिहायलाच बसले. बाबा, तिला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या डोळ्यांना अजून ताण नको.

आई, सगळ्यात आधी तुझ्यासाठी. आम्ही राहिलो त्या आगत्ती बेटाचा समुद्र किनाऱ्यावर आपटत नाही. आपल्याकडे देवगडला रात्री अंथरुणात पडलं तरी गाज कानाशी असते, आणि पावसाळ्यात तर घराची कौलं थरथरतात. आगत्तीला पश्चिमेच्या किनाऱ्यावर पहाटे एकटी उभी राहिले, तर पायाशी पाणी परातीत ठेवल्यासारखं. गाज ऐकू येत होती, पण खूप लांबून. नीट पाहिलं तेव्हा दिसलं, दूरवर पाण्यात एक पांढरी रेघ आहे. लाटा तिथे फुटतात. तिथे पोवळ्यांची भिंत आहे, सगळा समुद्र तिला धडकतो आणि आत येतं ते निवलेलं पाणी. भिंत आणि बेट यांच्यामधलं हे उथळ पाणी म्हणजे लगून. ओहोटीला मी त्यात कितीतरी आत चालत गेले, पाणी मांडीच्या वर आलं नाही आणि पायाची नखं शेवटपर्यंत दिसत होती.

दादामामाची होडी आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी उलटली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. त्यानंतर समुद्राला लागून आयुष्य काढलंस, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिलास, पण घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाहीस. आम्हा भावंडांनाही नाही. लहानपणी त्याचा राग यायचा, आता येत नाही. पण त्या सकाळी पाण्यात उभी असताना मनात दुसरं काही आलंच नाही. हा समुद्र आईने बघायला हवा, एवढंच आलं.

बाबा, आता तुमच्यासाठी. शाळेच्या भूगोलात कंकणद्वीप शिकलो होतो, ते हेच. डार्विनने 1842 मध्ये त्याचं कारण मांडलं होतं. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, कडेची पोवळी मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि पाण्यावर राहतं ते पोवळ्यांचं कडं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त ठिकाणातून वर आला, त्याच ठिकाणाने पुढे लक्षद्वीप आणि मालदीवचा बुडालेला डोंगर घडवला. आपला भूखंड वरून उत्तरेला सरकत गेला, खालची आग जागेवरच राहिली. म्हणजे तुम्ही ज्या कातळाला सुरुंग लावून विहिरी पाडल्यात, त्याचंच भावंड तिथे पोवळ्यांच्या खाली बसलंय. विमानातून खाली बघताना मी तुमचीच आठवण काढत होते.

विहिरी तर तुम्ही बघायलाच हव्यात. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम एक, तीही रुंद भागात, आणि उंची समुद्रापासून मीटर-दोन मीटर. नदी नाही, ओढा नाही. तरी घराघरांत विहीर आहे आणि पाणी इतकं वर की पोहऱ्याला दोरी हातभर पुरे. पावसाचं पाणी पोवळ्यांच्या वाळूतून झिरपतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. उपसा वाढला की खारं वर चढतं. तुम्ही चाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात लोकांना जे सांगत आलात, तेच तिथली माणसं मला सांगत होती. सगळ्या लक्षद्वीपची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर आणि लगून सुमारे 4,200 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जमिनीवर 2011 च्या जनगणनेत चौसष्ट हजारांवर माणसं होती. त्यांचं पाणी असं वाळूवर तोललेलं आहे.

चिऊने कासव पाहिलं. काचेचा मुखवटा लावून ती आणि मी पाण्यात तोंड घालून तरंगत होतो. खाली आखूड हिरवं गवत, त्यावर एक कासव चरत होतं, अगदी गाय चरते तसं, मान डावीकडे-उजवीकडे फिरवत. मग ते वर आलं. माझ्यापासून हातभर अंतरावर त्याचं नाक पाण्याबाहेर निघालं, एकदाच फुस्स असा श्वास आला आणि ते पुन्हा खाली. पाठीवरच्या ढालीवर शेवाळाचा एक हिरवा पट्टा होता. चिऊने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. आमचा होडीवाला मात्र कासवांवर नाराज. ती वाढली, समुद्रगवत संपवतात, आणि गवत गेलं की त्यात वाढणारे मासेही जातात, असं त्याचं म्हणणं. अभ्यासकांनाही आगत्तीच्या लगूनमध्ये असंच आढळलंय. कासव जपायला हवं आणि होडीवाल्याचंही पोट चालायला हवं. मला त्याला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

पाण्याखाली अजून एक आवाज येतो, कुरकुर कुरकुर. चोचीसारखे दात असलेले रंगीत मासे पोवळी कुरतडत असतात. त्यांच्या पोटातून जे बाहेर पडतं त्याची वाळू होते. तिथली वाळू पिठासारखी पांढरी आहे ती अशी. भरतीच्या रेषेवर पोवळ्यांचे बोटाएवढे तुकडे पडलेले असतात, चालताना पायाखाली काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणतात. चिऊने एक आजीसाठी उचलला होता. पोवळं बेटाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तिला परत ठेवायला लावला. रडली, पण ठेवला. आता म्हणते, आजीलाच तिकडे नेऊ.

आम्ही राहिलो त्या घरच्या बाई साठीच्या. मल्याळमसारखी त्यांची बोली, तिला जेसरी म्हणतात. त्यांच्याकडे घर आणि माड आईकडून मुलीकडे जातात. घराण्याला तारवाड म्हणतात, आणि लग्नानंतरही बाई स्वतःच्याच घरी राहते. हे ऐकून मला माझ्या आजीची आठवण आली. दागिने विकून बांधलेल्या घरात तिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. त्या बाईंनी कुपा मासा (टूना) उकडून, धूर देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवलेला दाखवला. त्याला त्या 'मास' म्हणतात. खोबऱ्यात परतून भाताबरोबर वाढला. आई, वास थेट तुझ्या सुक्या बांगड्याचा.

सगळं गोडच आहे असं नाही. दुपारी ऊन सोसत नाही. दुकानं मोजकी. आणि पोवळी आजारी आहेत. 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये समुद्र तापला आणि ती पांढरी पडली. काही ठिकाणी मी तासभर नुसता करडा खच पाहिला. समुद्र अडवणारी ती भिंत जिवंत असेल तरच उभी राहील. हे बघून पोटात कालवलं. पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी, असं करत बसू नये असं वाटलं ते त्यामुळेही. आणि तुमच्या गुडघ्यामुळेही, बाबा. तो अजून पायऱ्या चढतोय तोवर.

मी सगळं विचारून आलेय. कोचीहून छोट्या विमानाने साधारण दीड तास. धावपट्टी बेटावरच आहे, दोन्ही बाजूंना पाणी, पण आई, एकदाही होडीत बसावं लागत नाही. बेटावर इस्पितळ आहे. बाबांच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊ. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून दिवाळीनंतर निघू. सकाळी आणि संध्याकाळी तेवढं पाण्यावर जायचं, बाकी माडाखाली बसायचं. तुला पोहायचं नाही, आत जायचं नाही. मी हात धरीन, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहा. नको वाटलं तर त्या क्षणी मागे फिरू, कोणी काही म्हणणार नाही.

बेटावर जायच्या परवान्याला पोलिसांचा दाखला आणि फोटो लागतात. बाबा, बाजारात जाल तेव्हा दोघांचे पासपोर्टचे फोटो काढून ठेवा. आईचा काढताना तिला ती जांभळी साडी नेसायला सांगा. दादामामाचं श्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा मी येतेच आहे. अर्ज तेव्हा भरू.

तुमची,
ताई