श्वास मोजायला एक मिनिट लागते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोणत्याही गर्दीच्या वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे रुग्णाचा ताप, नाडी आणि मिनिटाला किती श्वास याच्या नोंदीचे तक्ते, शेजारी शेजारी ठेवून वाचा. ताप प्रत्येकाचा वेगळा असतो, नाडीही वेगळी. श्वसनाच्या रकान्यात मात्र ओळीने २०, २०, १८, २० असे आकडे दिसतात. इतकी माणसे, इतके वेगवेगळे आजार, आणि श्वास सगळ्यांचा एकसारखा कसा? मी आधी वॉर्ड सिस्टर होते, नंतर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवले. याचे उत्तर मला ठाऊक आहे. तो श्वास बहुतेक वेळा मोजलेलाच नसतो.

यात नर्सला दोष देण्यापूर्वी एक हिशेब करून पाहावा. तापमान आणि नाडी यंत्र सांगते. श्वास मात्र रुग्णाच्या छातीकडे पाहत, त्याच्या लक्षात न येऊ देता, पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. एका नर्सकडे ३० रुग्ण असतील, तर नुसते श्वास मोजण्यातच अर्धा तास जातो. चार तासांनी पुन्हा अर्धा तास. त्याच वेळात इंजेक्शने द्यायची, सलाइन बदलायचे, अंथरुणावर पडून असलेल्यांची कूस बदलायची, नवीन अ‍ॅडमिशन घ्यायची, नातेवाइकांना उत्तरे द्यायची आणि शिवाय सगळे कागदावर उतरवायचे. इंजेक्शन चुकले की कोणीतरी विचारते. श्वास मोजला नाही हे कोणाला कळतही नाही. म्हणून सर्वांत आधी तोच सुटतो.

आणि नेमका तोच सर्वांत आधी बोलतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, की रक्तदाब उतरण्याच्या बराच आधी श्वास वाढू शकतो. वेदनाशामक म्हणून मॉर्फीनसारखे औषध जास्त झाले तर तो मंदावतो, आणि ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचे ऑक्सिमीटर काही काळ उत्तम आकडा दाखवत राहते. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची पूर्वसूचना देणारी जी गुणपद्धत आणली, तिच्यात श्वसनगती २५ किंवा त्याहून अधिक असेल तर एवढ्या एकाच नोंदीला तीन गुण मिळतात, आणि तेवढ्यावर रुग्णाला तातडीने तपासणे अपेक्षित असते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे एक आजोबा आठवतात. अंगात किरकोळ कणकण, रक्तदाब व्यवस्थित, ऑक्सिजन ९६. पाळी बदलताना पुढच्या नर्सला ओव्हर देताना ‘ठीक आहेत’ असेच सांगितले गेले होते. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मिनिटभर उभे राहून श्वास मोजला, तो २८ भरला. तिने पुन्हा मोजला आणि मगच मला सांगायला आली. आतड्याची शिवण आतून सुटली होती. त्याच रात्री त्यांना पुन्हा ऑपरेशनला घेतले आणि ते बरे होऊन घरी गेले. त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो. पण हेही सांगायला हवे, की तिला त्या दिवशी मोजकेच रुग्ण दिलेले होते आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यायला मी तिथे होते.

शिक्षणाची खरी अडचण इथेच आहे. आता प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव होतो, तो चांगलाच आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, उत्तम दर्जाच्या अशा सरावाने प्रात्यक्षिकाचे निम्मे तासही भरून काढता येतात, असे दिसले. पण मुले वॉर्डात येतात तेव्हा शिकवणारे कोणी सोबत नसले, तर ती कमी पडणाऱ्या माणसांच्या जागी राबतात. आणि सीनियर जे करतात तेच उचलतात, रकान्यात २० लिहिणेसुद्धा.

नर्सची संख्या हा केवळ नोकरदारांच्या सोयीचा प्रश्न नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतूनही तेवढाच आकडा आला. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून नर्समागे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे कायद्यानेच बांधून दिले आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. मनुष्यबळ ठरवताना इंजेक्शने आणि ड्रेसिंग मोजता, तसा रुग्णाजवळ उभे राहून निरीक्षण करण्याचा वेळही मोजा. प्रत्येक पाळीत हजर नर्स किती आणि रुग्ण किती, हे वॉर्डाच्या दारावर लिहा, नातेवाइकांनाही कळू द्या. नव्याने लागलेल्या मुलीला रात्रपाळीत एकटी ठेवू नका. आणि तपासणीला येणाऱ्या पथकांनी रंगरंगोटी पाहण्याआधी श्वसनाचा रकाना वाचावा. तिथे सगळीकडे २० दिसले, तर नर्सच्या हाती मेमो देण्याआधी त्या पाळीचा ड्यूटी तक्ता मागवावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका