उभ्या मांडणीसाठी गुण कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चौथी-पाचवीच्या परीक्षेत दोन अंकी गुणाकार उभ्या मांडणीत केला नाही म्हणून गुण कापायचे, ही पद्धत बंद व्हावी यासाठी हे पत्र लिहीत आहे. परळला आमच्या इमारतीत चौथीत शिकणारी एक मुलगी आहे. चाचणीत तिला ४८ × २५ हे उदाहरण आले होते. तिने ५० × २५ = १२५० लिहिले, त्यातून २ × २५ चे ५० वजा केले आणि १२०० उत्तर काढले. उत्तर अचूक. तरी तीनपैकी दोन गुण गेले, कारण मांडणी पुस्तकातली नव्हती. मी स्वतः प्राथमिक शाळेत गणित शिकवले आहे. त्या उत्तरपत्रिकेत सर्वात समजून केलेले उदाहरण तेच होते, असे माझे ठाम मत आहे.

३४ × २६ उभ्या मांडणीत करताना मुले आधी सहाने गुणून २०४ लिहितात. मग दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारतात आणि दोनने गुणतात. ती फुली कशासाठी, असे विचारले की उत्तर येते, 'बाईंनी सांगितलंय म्हणून'. २६ मधला २ हा दोन नसून वीस आहे, ३४ ला विसाने गुणल्यावर ६८० येतात आणि त्यातल्या शून्याच्या जागी ही फुली आहे, हे मनात उतरलेलेच नसते. मग एखाद्या दिवशी फुली विसरते. २०४ मध्ये ६८ मिळवून मूल २७२ लिहिते आणि त्याला काही खटकत नाही. खटकायला हवे! नुसते ३० × २० केले तरी ६०० होतात. गुण्यात मधे शून्य असेल तर पंचाईत आणखी वाढते. ३०५ × २४ चे उत्तर ७३२०, पण शून्य गिळून ३५ × २४ केल्यासारखे ८४० लिहिलेल्या वह्या मी पुष्कळ तपासल्या आहेत.

हल्ली काही शिक्षक चौकट आखून गुणाकार शिकवतात. वर ३० आणि ४, बाजूला २० आणि ६, आत चार घरे: ६००, ८०, १८० आणि २४. बेरीज ८८४. एवढे लांबण कशाला, ही पालकांची नेहमीची तक्रार. पण या चार घरांत दशक दशकच राहतो, हातच्यामागे लपत नाही. काही दिवस असे केलेल्या मुलाला उभी मांडणी समजावून सांगावी लागत नाही, त्यात काय चालले आहे ते त्याला दिसते. उभी मांडणी मुलांना आलीच पाहिजे, ती आटोपशीर आहे. पाढेही हवेतच. पाढ्यांची गरज नाही म्हणणारे मला कधीच पटलेले नाहीत, कारण सहा चोक चोवीस चटकन आठवले नाही तर चौकटही अडते.

आता त्या मुलीच्या रीतीबद्दल. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ × १२ आहे आणि ते सोडवण्याच्या एकाहून अधिक रीती दिल्या आहेत. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा, किंवा तीनाने गुणून मग चाराने गुणा, किंवा एकक-दशक वेगळे घ्या. आणखी एक रीत अशी: १२ मध्ये सोयीचे ८ मिळवून १३५ ला २० ने गुणा, २७०० येतील. त्यातून १३५ × ८ चे १०८० वजा करा, १६२० उरतील. मुलीने ४८ चे ५० केले आणि जास्तीचे वजा केले, ते हेच. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. तो प्रकाशात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या मुंबईचेच, भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. त्याच मुंबईत या रीतीचे गुण कापले जावेत, याचे मला फार वाईट वाटले.

दादरच्या फूलबाजारात आईबरोबर बसणारी मुले पंधरा रुपयांचे चोवीस गजरे विकले की वीसचे तीनशे, वरच्या चारचे साठ, असे मनात मोजून ३६० सांगतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या मुलांच्या अशा शाळेबाहेरच्या गणिताचा अभ्यासही केला आहे. ही समज घेऊन मूल वर्गात येते. ती कागदावर उतरली की गुण कापले, तर पुढच्या वेळी ते विचार करणार नाही, फक्त फुली मारेल.

शिक्षण विभागाला विनंती आहे की सहामाही परीक्षेआधी शाळांना लेखी सूचना द्यावी: उभी मांडणीच तपासायची असेल तर प्रश्नात तसे स्पष्ट लिहावे, नसेल तर कोणत्याही बरोबर रीतीला पूर्ण गुण द्यावेत. पालकांनीही वही तपासताना, गुणाकार सुरू करण्यापूर्वी 'साधारण किती येईल?' एवढे मुलाला जरूर विचारावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, परळ, मुंबई