गाव शहर झालं आणि आमची सभा गेली: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सा. न. वि. वि.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपंचायतीच्या हद्दीत राहते, किराणा मालाचं दुकान चालवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. देवगड-जामसंडे, लांजा, गुहागर, मंडणगड अशा ज्या ज्या गावांची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, त्या सगळ्यांचीच ही गोष्ट आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा आम्हाला ग्रामसभा होती. नगरपंचायत झाली आणि ती गेली. तिच्या जागी आमच्याकडे काहीच आलं नाही.

ग्रामसभेत काय होतं ते एका प्रसंगावरून सांगते. सभा शाळेच्या पडवीत भरायची. एका सभेत खालच्या वाडीतली एक म्हातारी मासेविक्रेती उठली. व्हाळावरची, म्हणजे ओढ्यावरची, मोरी तुंबते आणि पाणी चार घरांत शिरतं, असं तिचं गाऱ्हाणं. ग्रामसेवकांनी वहीत लिहून घेतलं. ती खाली बसेना. म्हणाली, "काय लिवलंस तां वाचून दाखय." त्यांनी वाचलं: मोरीची साफसफाई करणे. "साफसफाई नको, पाईप मोठो घाला. दरवर्षी साफ करतास आणि दरवर्षी तुंबता." ग्रामसेवकांनी आधीची ओळ खोडून नवीन लिहिली. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा सरपंचांना भरल्या पडवीसमोर सांगावं लागलं की काम का झालं नाही आणि कधी होणार. पुढच्या पावसाळ्याआधी मोठा पाईप पडला. त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपलं म्हणणं कागदावर नीट उतरलं पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज त्याच व्हाळाच्या खालच्या अंगाला मातीचा भराव पडलाय आणि पाणी पुन्हा वाटा शोधतंय. आता काय करायचं? अर्ज लिहायचा, कार्यालयात द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा आणि वाट बघायची. शेजारच्याने तोच अर्ज दिलाय की नाही हे मला कळत नाही, माझा त्याला कळत नाही. दुकानात गिऱ्हाइकं बोलतात तेव्हा समजतं की अख्खी वाडी एकाच कारणासाठी एकेकटी खेटे घालतेय.

साहेब, हा फरक कायद्यातच आहे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. आपल्या राज्याचा 1958 चा ग्रामपंचायत कायदा वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगतो आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायला लावतो. लगेच 1 जून 1993 रोजी शहरांसाठीची 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यात प्रभाग समित्या आहेत, पण त्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहर 76 हजारांच्या घरात होतं, मालवण तर 19 हजारांच्याही आत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली एकही नगरपरिषद त्या आकड्याच्या जवळपास नाही. म्हणजे मालवण शहराबाहेरच्या खेड्यातला मतदार आपल्या सरपंचाला हक्काने जाब विचारू शकतो, आणि शहरातला मतदार नगरसेवकाची गाठ बाजारात कधी पडते याची वाट बघतो.

आम्हाला सांगितलं जातं की लोकशाही दिन आहे. आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात. पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. व्हाळ एकट्या माझा नाही, त्याचं काय करू? जनता दरबारही होतात. तिथे निवेदन हातात घेतलं जातं, कोपऱ्यात शेरा मारला जातो, फोटो निघतो. काही कामं त्यातून होतात, हे मी नाकारत नाही. पण दरबार कधी भरवायचा हे देणाऱ्याच्या मनावर असतं, आणि मागच्या दरबारातल्या कामांचं काय झालं हे पुढच्या दरबारात वाचून दाखवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत आमच्यासारख्यांनी फार तर ऐकत बसायचं. बोलायचं नगरसेवकांनी.

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. वाशिष्ठी आणि शिव नदीत गाळ कुठे साचलाय, पाणी कुठून वळतं, हे तिथल्या दुकानदारांना आणि नदीकाठच्या घरांना कुणी शिकवायला नको होतं. तरी गाळ काढा हे सांगण्यासाठी त्या शहराला डिसेंबरात साखळी उपोषणाला बसावं लागलं. प्रभागाप्रभागात दर तीन महिन्यांनी सभा भरत असती तर गाळाचा विषय पुराच्या कितीतरी आधी वहीत आला असता, असं मला मनापासून वाटतं. बारसूचंही तसंच. रिफायनरी हवी की नको यावर माणसांची मतं वेगळी असतील, पण परिसरातल्या गावांनी ग्रामसभेत ठराव केले आणि त्यांचं म्हणणं कागदावर राहिलं. जवळच्याच राजापूर शहरातल्या नागरिकाने, बाजूने असो की विरोधात, आपलं मत कुठल्या सभेत नोंदवायचं होतं?

ग्रामसभा म्हणजे सगळं आलबेल, असं मी म्हणत नाही. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली जी कमी असेल ती. तीही भरत नाही आणि सभा तहकूब होते. घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्याचे प्रकार आम्हीही पाहिले आहेत. तरी ती होती. ज्या दिवशी गावाला खरंच काही विचारायचं असायचं, त्या दिवशी पडवी भरायची.

केरळने हे करून ठेवलंय. तिथल्या 1994 च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकांसाठी प्रत्येक वॉर्डाची वॉर्डसभा आहे. तोही किनारा, तशीच दाटीची लहान शहरं. आपल्या नगरपंचायतीत 17 प्रभाग असतात. एका प्रभागाचे मतदार शाळेच्या पटांगणात मावतील. इतकी सोपी सभा दुसरीकडे कुठे मिळेल?

म्हणून विनंती अशी, की राज्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत वर्षातून चार प्रभागसभा कायद्याने सक्तीच्या करा. सध्याच्या कायद्यात जागा असेल तर नियम काढा, नसेल तर दुरुस्ती आणा. प्रभागाचा नगरसेवक आणि मुख्याधिकारी दोघेही हजर हवेत. मुख्याधिकाऱ्यांनी प्रतिनिधी पाठवला तर त्याला जागेवर उत्तर देण्याचा अधिकार असावा. महिलांची सभा आधी, जशी गावात असते. लोकांनी निवडून दिलेले सदस्य नसतील आणि कारभार प्रशासकाकडे असेल तेव्हाही सभा थांबू नये. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीपर्यंत कोकणातल्या अनेक नगरपरिषदांनी वर्षानुवर्षं प्रशासकच पाहिला, आणि त्या काळात विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता.

वेळ ठरवताना किनाऱ्याचा विचार करा, साहेब. सकाळी अकराची सभा म्हणजे दर्यावर गेलेले आणि मासळी बाजारात बसलेले सगळे वगळले गेले. संध्याकाळी ठेवा. एक सभा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घ्या, तेव्हा खलाशी घरी असतात. आणि एक पावसाळ्याच्या पुरेशी आधी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, जेणेकरून गटार, मोरी, दरडीच्या कामाचा निर्णय होऊन पाऊस लागण्याआधी काम उरकेल. मेअखेरीस विषय निघाला तर ठेकेदार नेमेपर्यंत पहिला पाऊस येऊन गेलेला असतो.

सभा कोणतीही असो, पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त हाच ठेवा. ते मोठ्याने, मराठीत वाचलं जावं, आणि प्रत्येक विषयापुढे काम झालं की नाही, नसेल तर कुणाकडे अडलंय, हे त्याच बैठकीत सांगितलं जावं. ते इतिवृत्त सात दिवसांत प्रभागातल्या फलकावर लागावं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर जागा आहे, ती मी देईन.

आपली,
कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपंचायतीतील मतदार