आधी खुर्ची, मग प्रश्न

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलींच्या बालगृहात समुपदेशक म्हणून रुजू होशील. पहिले काही आठवडे कुठल्याही मुलीची हकिगत काढायला जाऊ नकोस. सुटकेनंतर 24 तासांत तिला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. तू भेटेपर्यंत पोलीस, डॉक्टर, समिती अशा सगळ्यांचं तेच ते विचारून झालेलं असतं. तिने सांगितलेलं नाव, वय, गाव पुष्कळदा पढवलेलं असतं. त्याला खोटेपणा म्हणू नकोस. ते पाठ होतं म्हणून मार चुकला.

खोलीत तिची खुर्ची दाराजवळ, तुझी आत. तिच्या आणि दाराच्या मध्ये बसायचं नाही. दार किती उघडं ठेवायचं ते तिने ठरवायचं. वार आणि वेळ ठरलेली हवी. जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांग, निरोप धाडू नकोस. "कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नकोस. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 नुसार अत्याचार कळला की कळवावाच लागतो, आणि मग तिच्या लेखी तूही फसवणाऱ्यांतलीच.

बोलता बोलता नजर हरवली, हात गार पडले, तर "डोळे मिट, श्वास घे" नको. मिटल्या डोळ्यांपुढे तेच उभं राहतं. तळपाय जमिनीला टेकवायला सांग, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लाव. न विचारता पाठीवर हात नको, मायेनेसुद्धा.

अवघड असते ती रात्र, आणि तेव्हा तू घरी असतेस. म्हणून रात्रपाळीच्या मावशींशी आधी गट्टी कर. दिवा चालू राहू दे, कडी आपटायची नाही, अंथरूण ओलं झालं तर गाजावाजा न करता चादर बदलायची. उशीखाली पोळी सापडली तर ती चोरी नव्हे. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवू द्या; मुंग्यांचं नंतर बघू.

एखादी घरवालीची, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची, आठवण काढून रडेल. तिला शिव्या घालू नकोस. मारणाऱ्या हातानेच तापात गोळीही दिलेली असते.

कोर्टाची तारीख जवळ आली की सावरलेली मुलगी पुन्हा विस्कटते, जेवण सोडते, पळायला बघते. त्याला नखरे म्हणणारे भेटतील. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये ही जबाबदारी पोक्सोच्याच कलम 36 ने न्यायालयावर टाकली आहे. हे तिला आधीच सांग, आणि शक्य असेल तर रिकामं कोर्ट एकदा दाखवून आण.

डबा घेऊन जा. मुलींच्या पंगतीत बसायचं असेल तर आधी त्यांना विचार.

तुझी,
आई