ड्रॉइंगचा तास गणिताला देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये मुलीचं नववीचं टाइमटेबल आलं आणि बघतो तर ड्रॉइंगचे दोन्ही तास गायब, तिथे गणित आणि सायन्स. पालकसभेत विचारलं तर उत्तर मिळालं, अहो चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट परीक्षेला बसवतोय ना पोरांना, ए ग्रेड आली की दहावीला मार्क वाढतात, अजून काय पाहिजे? तिथे मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी पुस्तकांची कव्हरं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या असली अक्षरांची कामं करतो, 20 वर्षं घर त्याच्यावर चाललंय. आणि हे मी कुठल्या कॉलेजात नाही शिकलो, वाळवा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर शिकलो. चित्रकलेचे सर मला शाळा भरायच्या अर्धा तास आधी बोलवायचे सुविचार लिहायला. खडूचा तुकडा मोडायचा, तो आडवा धरायचा आणि तिरकाच ठेवायचा म्हणजे रेघ आपोआप जाड-बारीक होते, बोरूसारखी. शिरोरेघ आधी मारली की सर ती पुसून टाकायचे, आधी अक्षरं उभी कर मग डोक्यावर छप्पर घाल म्हणायचे. एकदा त्यांनी मला आठवडाभर फक्त क काढायला लावला, कारण माझ्या क ची डावीकडची गाठ बुजायची, त्या गाठीतली मोकळी जागा बघ, रेघ नको बघू, असं ते परत परत सांगायचे आणि मला तेव्हा खरंच काही कळायचं नाही. आज कंप्युटरवर एखादं नाव झूम करून बसतो तेव्हा मी तीच मोकळी जागा बघत असतो. त्या सरांनी मला एकही मार्क जास्त दिला नाही, वेळ दिला.

चित्रकार रझांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या जंगलातलं गाव, अभ्यासात लक्ष न लागणारा पोरगा. मास्तरांनी काय केलं, तर भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं याच्याकडे बघत बस. पुढे रझा आपल्या नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, 1950 ला पॅरिस, तिथेच संसार, आणि त्या भिंतीवरच्या ठिपक्याला जवळपास 50 वर्षं होत आली तेव्हा त्यांच्या चित्रात तो मोठा काळा बिंदू आला, जगभर त्यांची ओळखच झाली ती. ही आठवण ते स्वतः सांगायचे. त्या मास्तरांना चित्रकार वगैरे घडवायचा नव्हता हो, पोरगं एका जागी बसावं एवढंच होतं. म्हणूनच मला भीती वाटते, कुठल्या पोराला कुठल्या दिवशी काय लागेल हे कुणालाच आधी कळत नसतं आणि आपण तो दिवसच कापून टाकतोय.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचंही तसंच, म्हैसूरच्या शाळेत गुरुजींनी वर्गाला पान काढायला सांगितलं आणि यांच्या पिंपळाच्या पानाचं कौतुक केलं. पुढे जे.जे.ने त्यांना ॲडमिशन नाकारली. मोठ्या कॉलेजला दिसलं नाही ते शाळेतल्या गुरुजींना दिसलं होतं!

इंटरमिजिएटला माझा विरोध नाही, मीही दिलीय, स्मरणचित्र, स्थिरचित्र सगळं. पण वर्षभर तास नाही आणि सप्टेंबरच्या परीक्षेआधी आठ दिवस घोकून एकच नक्षी काढून घ्यायची, याने ग्रेड येईल, हात येणार नाही.

यात सगळा दोष शाळांचा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, म्हटलंय, तेही पट 100 च्या वर असेल तर. म्हणजे वाडीवस्तीवरच्या 60-70 पोरांच्या शाळेने काय करायचं? आमची शाळा तेवढीच होती, तरी आमचे सर पूर्ण वेळ होते, सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे. तासावर मानधन घेऊन दोन शाळा फिरणारा माणूस कितीही चांगला असला तरी तो सकाळी अर्धा तास आधी येऊन क ची गाठ कशी बघणार?

शासनाने याचा विचार करावाच, पण तोपर्यंत शाळांनी आहे तो तास तरी ठेवावा. आमच्याकडे दुसऱ्या सत्राचं टाइमटेबल दिवाळीच्या सुट्टीनंतर लागतं. त्यात ड्रॉइंगचा एक तरी तास परत घ्या आणि दर शनिवारी अक्षरलेखन शिकवायला मी फुकट येतो, असं मी मुख्याध्यापकांना लिहून दिलंय. खडू मी घेऊन येईन.

आपला,
एक पालक, सांगली