माफीला जाब विचारणारं कुणीच नाही?

संपादक महोदय,

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल (अमेरिकेची संसद) हल्ल्याच्या खटल्यांतल्या जवळपास दीड हजार लोकांना माफी देऊन टाकली, १४ जणांची शिक्षा कमी केली. त्या दिवशी सुमारे १४० पोलीस जखमी झाले होते हो! कोर्टात केसेस चालल्या, बऱ्याच जणांनी गुन्हा कबूल केला, काहींना ज्युरीने दोषी ठरवलं, आणि एका सहीत सगळं पुसलं, त्या पोलिसांना काय वाटलं असेल. बायडन यांनीही तेच केलं, मुलाला माफी देणार नाही म्हणाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिलीच, तेही मला पटलेलं नाही. तिथल्या घटनेत महाभियोगाची प्रकरणं सोडली तर फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या, गुन्ह्यांच्या माफीला जवळजवळ अडकाठीच नाही.

आपल्याकडे राष्ट्रपतींना माफीचा अधिकार देणारं घटनेचं कलम ७२ आहे, पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट रद्द केली होती, कारण जात, धर्म किंवा पक्ष बघून माफी देता येत नाही. अमेरिकेत असं तपासणारं कोणी का नसावं?

- एक वाचक, डोंबिवली