बाबांच्या अंगठ्याचं ड्रेसिंग

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलेलं फोन ठेवेपर्यंतच लक्षात राहतं, म्हणून लिहून पाठवतेय. फ्रिजवर लावून ठेवा.

बाबा, डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याचं अख्खं नख काढलेलं नाही. मांसात रुतलेली कड तेवढी मुळापर्यंत कापली आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून तिथल्या मुळाला फिनॉल लावलं. फिनॉल मुळाला जाळतं, त्यामुळे ही जखम कापल्यापेक्षा भाजल्यासारखी वागते. दोन ते सहा आठवडे तिच्यातून पाणचट, पिवळसर स्राव येत राहील. तो पू नव्हे.

पहिले दोन दिवस पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवा. उशी पोटरीखाली घ्या, टाच गादीला टेकू देऊ नका. तुमच्यासारख्या साखर असलेल्यांना टाचेवरचा दाब अनेकदा कळतही नाही. पांघरुणाचा भार अंगठ्यावर पडतो, त्यासाठी पायांपाशी पुठ्ठ्याचा खोका उभा करून चादर त्यावरून घ्या. भूल काही तासांत उतरते. ठणका सुरू व्हायची वाट न बघता पॅरासिटामॉल त्याआधीच घ्या, डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच. घरातली ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लॅम मात्र नको. रक्त पातळ ठेवणारी एकोस्प्रिन चालू असताना त्याने रक्तस्राव वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. एकोस्प्रिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पट्टी रक्ताने भिजली तर ती न काढता वरून आणखी गॉज ठेवून पाय वर घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर थांबत आलेलं रक्त परत सुरू होतं. तरीही थांबलं नाही, तर दवाखाना.

आई, ड्रेसिंगचं काम तुझं. डॉक्टरांनी पहिलं ड्रेसिंग बदलायला सांगितलंय त्या दिवशी आधी हात साबणाने धू. बाहेरची पट्टी जखमेच्या उलट बाजूने काप. आतला गॉज चिकटलेला असणार. तो कोरडा ओढलास तर नवी आलेली कातडी त्याच्याबरोबर निघेल. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईनची 100 मिलीची बाटली मिळते, ती थेंबथेंब ओतून पाच मिनिटं थांब. गॉज सुटेल तसा उचल, ओढ बसली की पुन्हा सलाईन. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस. बाबांचा पाय गरम पाण्यात बुडवायचा नाही. चटका बसला तरी त्यांना उशिरा कळेल. नंतर गॉजनेच टिप, कापसाचे धागे जखमेत अडकतात. तेलकट जाळीचा पॅराफिन गॉज जखमेएवढाच काप, कारण तो चांगल्या कातडीवर राहिला तर ती पांढरी पडून भिजट होते. त्यावर कोरडा गॉज. मायक्रोपोर चिकटपट्टी अंगठ्याभोवती गोल गुंडाळू नकोस, लांबीने लाव. सूज आली की गोल पट्टी फास बसल्यासारखी आवळते. शेवटी अंगठ्याचं टोक दाबून सोड. पांढरं झालेलं दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही, तर पट्टी घट्ट आहे.

हळद नको, गं. ती स्रावात कालवून तिचा लेप बसतो, खाली लाली वाढतेय का ते दिसतच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, पण त्याने भरत आलेली जखम मागे जाते.

लक्ष ठेवायचं ते याच्यावर: दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका वाढला, स्राव घट्ट किंवा वास मारणारा झाला, ताप आला, लाल रेघ पायावर चढली किंवा साखर कारण नसताना वर गेली, तर रात्रीसुद्धा थांबू नका. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेव. दुसऱ्या दिवशी लाली रेघेपलीकडे गेलेली दिसली की फोन नंतर, आधी डॉक्टर.

बाबा, कोल्हापुरी कपाटातच राहू दे, तिचा अंगठा नेमका जखमेवर बसतो. पुढून उघडी, पट्ट्याची रुंद सँडल घाला. तलावपाळीची फेरी ठणका जाईपर्यंत बंद. आणि पाऊस लागून वंदना टॉकीजकडे पाणी साचलं असेल तर भाजी घरी मागवा. उंदरांच्या मुतामुळे त्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि तुमच्या पायाला सध्या उघडी जखम आहे. पाय त्यात पडलाच, तर घरी येऊन लगेच साबणाने धुवा, ड्रेसिंग बदला आणि डॉक्टरांना सांगा.

नख आता कायमचं थोडं अरुंद राहील. ते महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, तेव्हा घाई नाही. कापताना सरळ आडवं कापायचं, कोपरे गोल कोरायचे नाहीत. नख रुतण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. नेलकटर तूर्तास आईच्या ताब्यात असू दे.

तुमची,
मनू